पिवळं औषध

हर्षला भोये उपकेंद्राच्या पायरीवर बसलेली दिसली तेव्हा अनुपमाला आधी आनंदच झाला. आंबेघोळ गावातून नाशिकला शिकायला गेलेली आणि शिकून तिथंच नोकरीला लागलेली ही पहिली मुलगी. ती गेली त्या दिवशी अख्खा पाडा तिला गाडीपर्यंत पोचवायला आला होता. अनुपमा शेवाळे या गावात पंचवीस वर्षं आरोग्यसेविका होती. हर्षलाला तिनं लसी टोचल्या होत्या, तिच्या पायातला काटा काढला होता, बारावीनंतर लॅबचा कोर्स कर म्हणून तिच्या बापाशी भांडलीही होती.

"अगं, तू कधी आलीस? मधेच सुट्टी कशी मिळाली?"

"सुट्टी नाही, सिस्टर. काढून टाकलं मला."

अनुपमानं कुलूप उघडलं, तिला आत घेतलं, पाणी दिलं. हर्षलानं ग्लास तोंडाला लावला नाही. बांधून आणल्यासारखं तिनं एका दमात सांगून टाकलं.

रोगजंतू ओळखायचे तर नमुना काचेवर घेऊन त्याला रंग देतात. काही जंतू जांभळे दिसतात, काही गुलाबी. जांभळ्यांवर एक औषध चालतं, गुलाबींवर दुसरं. ही रीत पावणेदोनशे वर्षांपूर्वीची. आता हे काम यंत्र करतं, पण लॅबचं यंत्र दुरुस्तीला गेलं होतं आणि मॅडम म्हणाल्या होत्या, चार दिवस हातानं करू.

"मी गुलाबी लिहिलं. होते जांभळे. मला ते दोन रंग वेगळे ओळखताच येत नाहीत. बाळंतीण होती हो ती. दोन दिवस भलतंच औषध गेलं तिला. आता बरी आहे, पण अकरा दिवस अतिदक्षता विभागात काढले तिनं, आणि बाळ दुसरीकडे."

"मग कोर्स करताना कशी पास झालीस तू?"

हर्षला ओशाळली. "आकारावरून, सिस्टर. गोल असले तर बहुतेक जांभळे असतात, काड्यांसारखे असले तर गुलाबी. बहुतेक वेळा बरोबर यायचं. या वेळी काड्या होत्या, पण जांभळ्या."

"आणि डोळे? डोळे तपासले नाहीत नोकरीला लागताना?"

"तपासले ना. ते ठिपक्यांचं पुस्तक असतं, त्यातले सगळे आकडे वाचले मी. डॉक्टर म्हणाले, नजर चांगली आहे. डोळ्यांचं नाहीच काही. माझं डोकंच तसलं. रंग डोक्यात शिरतच नाहीत माझ्या. लहानपणी तुम्ही नव्हता का शिकवत, कार्डं घेऊन? एवढा जीव तोडून शिकवायचात तुम्ही. तेव्हापण मला यायचे नाहीत. आठवतं तुम्हाला?"

"नाही गं," अनुपमा म्हणाली. "फार मुलं होती तेव्हा."

हे बोलताना ती टेबलावरची लसीची पेटी पुसत होती. पेटी स्वच्छच होती.

"इथं काही काम असलं तर बघा," हर्षला उठत म्हणाली. "झाडलोट असली तरी चालेल. नाशिकला आता मला कुणी उभं करणार नाही."

"बघते," अनुपमा म्हणाली. हर्षला पायऱ्या उतरून रस्त्याला लागली, तरी ती हातात फडकं घेऊन तशीच उभी होती.

तिला सगळं आठवत होतं. कार्डं, बाक, पोरांची तोंडं. एकही विसरलं नव्हतं.

त्याला चौदा वर्षं झाली होती. तेव्हा, दोन हजार एकेचाळीसच्या सुमारास, जंतांनी पुन्हा डोकं वर काढलं होतं. त्याआधी कितीतरी वर्षं शाळाशाळांतून वर्षाला दोनदा जंताची गोळी वाटली जायची. पोरं रांगेत उभी राहून ती चघळायची, आणि गोष्ट संपायची. पण ज्या औषधाचा मारा वर्षानुवर्षं होतो, त्याला पुरून उरणारे काही थोडे जंत नेहमीच मागे राहतात. त्यांची पिलावळ वाढते. एक दिवस गोळी नावालाच उरते. सुरगाण्याच्या पलीकडच्या, गुजरातच्या हद्दीला लागून असलेल्या या पाड्यांत ते सगळ्यांत आधी दिसलं. पोरांची पोटं नगाऱ्यासारखी, हातपाय काड्या.

सोनाली बागुल सहा वर्षांची होती. जंतांच्या गाठीनं तिचं आतडं अडलं. अनुपमा तिला जीपमध्ये मांडीवर घेऊन नाशिकला निघाली आणि सापुताऱ्याकडून येणारा फाटा लागायच्या आत मांडीवरचं वजन बदललं. जिवंत पोराचं वजन आणि मेलेल्या पोराचं वजन यांत काट्यावर फरक पडत नसेल, पण मांडीला तो कळतो. परतीच्या वाटेवर सोनालीची आई एकच विचारत होती, "गोळी दिली होती ना, सिस्टर? मग?"

त्याच वर्षी डॉ. शाल्मली मोघे आंबेघोळला आल्या. नाशिकच्या एका संशोधन संस्थेत त्या काम करत. त्यांनी नवं औषध आणलं होतं, म्हणजे खरं तर फार जुनं. मध्य आशियाच्या उजाड माळांवर एक कडू झुडूप उगवतं. त्याच्या न उमललेल्या कळ्या वाळवून व्यापारी हिंदुस्थानात आणत. आपल्याकडे त्याला किरमाणी ओवा म्हणायचे आणि पोरांच्या जंतांवर गुळातून द्यायचे. पुढे त्यातलं सँटोनिन नावाचं द्रव्य वेगळं काढता आलं आणि शंभरएक वर्षं ते जगभर जंतांवरचं औषध म्हणून चाललं. ते जंतांना मारत नाही, लुळं करतं. आतड्याला धरून राहायची ताकद गेली की जंत आपोआप बाहेर पडतात. पण त्याची एक विचित्र खोड होती. घेणाऱ्याला एक-दोन दिवस सगळं जग पिवळं दिसायचं. जास्त झालं तर झटके यायचे. सुरक्षित गोळ्या निघाल्या तसं ते अडगळीत गेलं.

मोघेबाईंच्या चमूनं त्या द्रव्याची घडण थोडी बदलली. विषारीपणा कमी केला आणि झुडपाऐवजी यीस्टच्या टाक्यांत ते पिकवायला घेतलं. बदललेल्या रूपाला जंत नवखे होते. एका चमच्यात पोट साफ व्हायचं. पिवळं दिसणं तेवढं पूर्ण गेलं नव्हतं, पण ते दुसऱ्या दिवशी ओसरायचं.

आंबेघोळ आणि आसपासच्या पाड्यांवरच्या तीनशे बारा मुलांना ते दिलं. त्या दिवशी शाळेत नुसता गोंधळ. मास्तरांचा सदरा पिवळा, भात पिवळा, बकरी पिवळी! खंडोबाचा भंडारा उधळल्यासारखं सगळं जग झालं म्हणून पोरं नाचत होती. तेव्हापासून त्याचं नाव पडलं पिवळं औषध.

चाचणीचा नियम साधा होता. पंधराव्या दिवशी प्रत्येक मुलाला रंगीत कार्डं दाखवायची. तीन कार्डांतलं वेगळं कोणतं, ते मुलानं सांगायचं. उत्तर टॅबवर नोंदवायचं. दोनपेक्षा जास्त मुलांना रंग परत दिसत नसतील, तर चाचणी तिथल्या तिथं थांबवायची. तपासायचं काम अनुपमाकडे होतं, कारण पोरं तिला बुजत नसत.

हर्षला तेव्हा आठ वर्षांची होती. दोन वेण्या, पुढचे दात पडलेले. अनुपमानं तिच्यापुढे दोन राखाडी आणि एक जांभळं कार्ड ठेवलं.

"यातलं वेगळं कुठलं?"

हर्षलानं बराच वेळ पाहिलं. "सगळी सारखीच आहेत."

"नीट बघ. लक्ष कुठंय तुझं?"

"इथंच आहे."

"मग? हे बघ, हे जांभळं. याच्या कोपऱ्याला दुमड आहे, दिसली? आता सांग, जांभळं कुठलं?"

हर्षलानं दुमडीवर बोट ठेवलं.

"शाब्बास. हुशार मुली एकदा सांगितलं की लक्षात ठेवतात."

टॅबवर बरोबरची खूण पडली.

त्या क्षणी अनुपमाला खरंच वाटलं होतं की पोरीचं लक्ष नाही. दुपारी दुसऱ्या मुलाच्या वेळीही तिनं मनाची तशीच समजूत घातली. पण तिसरं मूल "सगळी सारखीच आहेत" म्हणालं, तेव्हा तिला कळलं, प्रश्न लक्षाचा नाही. नियम तिला पाठ होता. आता तिघांचंही खरं लिहिलं की औषधाच्या पेट्या परत गाडीत चढणार आणि पुढचा पावसाळा पुन्हा जुन्या गोळीवर काढायचा. तिच्या मांडीला अजून सोनालीचं वजन जाणवत होतं. तिनं तिसऱ्याला दुमड दाखवली. चौथीला दाखवली. पाचव्याच्या वेळी तर तिला काही समजावावंही लागलं नाही, हात आपोआप दुमडीकडे गेला.

तीनशे बारापैकी पाच. मुलं लहान आहेत, हळूहळू येतील रंग परत, असं तिनं स्वतःला सांगितलं. पुन्हा तपासायची हिंमत मात्र तिला कधी झाली नाही. दोन वर्षांत औषधाला मंजुरी मिळाली. पोरांची पोटं सपाट झाली, अंगावर मांस धरलं, जंतांनी पोर दगावल्याचं तालुक्यात पुन्हा ऐकू आलं नाही. मोघेबाईंनी एका समारंभात तिचं नाव घेतलं. तिनं शाल स्वीकारली आणि घरी येऊन ती पेटीच्या तळाशी ठेवून दिली.

हर्षला येऊन गेली त्या संध्याकाळी अनुपमानं नवऱ्याला सगळं सांगितलं. प्रमोद शेजारच्या गावी शिक्षक होता, शांत माणूस. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं.

"तुझ्या हातून काय झालं ते झालं," तो म्हणाला. "पण त्या औषधानं किती पोरं वाचली याचा विचार कर ना. चौदा वर्षांनी आता उकरून काय मिळणार?"

"तिला वाटतं ती ढ आहे."

"मग तिला दुसरं काम लावून दे. बोल तालुक्याच्या दवाखान्यातल्या कॅन्टीनवाल्याशी. सगळं जगाला ओरडून सांगायची काय गरज?"

अनुपमाला ते पटलं. खरं सांगायचं तर पटवून घ्यायला ती फार आतुर होती. चार दिवस तिनं कॅन्टीनवाल्याला फोन करायचं ठरवलं आणि केला नाही. पाचव्या दिवशी अंगणवाडीत पिवळ्या औषधाचा सहामाही डोस होता. मुलं रांगेनं तिच्यासमोर आली, तोंडं आ करून, पाखरांच्या पिलांसारखी. तिनं पहिल्या तोंडात चमचा घातला, दुसऱ्या, तिसऱ्या. सतराव्या मुलीच्या वेळी तिनं भरलेला चमचा ओठांपाशी नेला आणि परत मागे घेतला.

"काय झालं, सिस्टर?" अंगणवाडीताईंनी विचारलं.

"साठातलं एक," अनुपमा पुटपुटली. ताईंना काही कळलं नाही.

तिनं बाटलीचं झाकण लावलं, राहिलेला डोस उद्या देऊ म्हणाली, आणि नाशिकची गाडी पकडली.

डॉ. मोघे आता संस्थेच्या प्रमुख होत्या. केस पूर्ण पांढरे झालेले. अनुपमाला पाहून त्या खुर्चीतून उठल्या. "शेवाळेबाई! या, किती दिवसांनी!" त्यांनी स्वतः खुर्ची पुढे ओढली. अनुपमानं बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली, कारण बसली असती तर तिला बोलता आलं नसतं.

तिचं सांगून झालं. मोघेबाईंनी हळूच विचारलं, "किती?"

"पाच."

"पाच. तीनशे बारांत." त्यांनी डोळे मिटले. "मला त्या वेळी वाटलं होतं, निकाल फार स्वच्छ आलेत. मी मनाशी म्हटलं, बाई फार मन लावून काम करते."

मग त्या समजावून सांगू लागल्या. अनुपमाला वाटलं, त्या स्वतःलाच समजावताहेत. डोळ्याच्या पडद्यावर रंग टिपणाऱ्या पेशी तीन तऱ्हेच्या असतात. त्यांतल्या निळा-जांभळा टिपणाऱ्या सगळ्यांत कमी, शंभरात जेमतेम सहा-सात. पिवळं औषध त्यांनाच दिवसभर झोपवतं, म्हणून जग पिवळं दिसतं. नंतर यकृत ते औषध मोडून टाकतं आणि पेशी जाग्या होतात. पण काही माणसांच्या यकृतातलं ते मोडणारं विकर जन्मतःच आळशी असतं. त्यांच्या अंगात औषध महिनाभर रेंगाळत असणार. तेवढ्या दिवसांत त्या मोजक्या पेशी झोपेतच मरतात, आणि मेलेल्या परत येत नाहीत.

"मग इतक्या वर्षांत कुणालाच कसं कळलं नाही?" अनुपमानं विचारलं.

"कारण कुणी पाहिलंच नाही. ते ठिपक्यांचं पुस्तक लाल-हिरव्यासाठी असतं. निळ्या-जांभळ्याची तपासणी कुठंच होत नाही. लहान मुलाला काय माहीत आपल्याला काय दिसत नाही ते? ते म्हणतं, मला रंग येत नाहीत. घरचे म्हणतात, पोर ढ आहे." मोघेबाई थांबल्या. "आतापर्यंत दोन कोटी मुलांनी घेतलंय ते औषध, शेवाळेबाई."

दोन कोटींतले साठातले एक. अनुपमाला भागाकार येत होता. तीन लाखांच्या वर.

"मी त्या दिवशी खरं लिहिलं असतं तर?"

"तर चाचणी थांबली असती. आम्ही कारण शोधलं असतं. आता रक्ताच्या एका थेंबात कळतं, कुणाचं विकर आळशी आहे ते. तेव्हा वर्ष, फार तर दीड वर्ष लागलं असतं."

"दीड वर्ष," अनुपमा म्हणाली. "आणि त्या दीड वर्षात माझ्या पाड्यांवर—"

"हो. काही मुलं गेली असती कदाचित. तो प्रश्न तुमचा नव्हता, माझा होता. तुम्ही तो माझ्या हातून काढून घेतलात, आणि मला कळूही दिलं नाहीत." त्यांचा आवाज चढला नव्हता. अनुपमाला वाटलं, चढला असता तर बरं झालं असतं. "मी आजच कळवते वरती. औषध थांबवावं लागेल. तुम्ही लेखी द्याल ना?"

"देते. पण एक दिवस द्या मला. ते तिच्या कानावर आधी माझ्याकडून जाऊ दे."

हर्षला कुणाच्या तरी स्ट्रॉबेरीच्या शेतात रोजानं जात होती. या डोंगरउतारांवर आता स्ट्रॉबेरीच जास्त. सकाळी दव उतरायच्या आत फळं खुडावी लागतात. अनुपमा बांधावरून तिच्यापर्यंत गेली. हर्षला वाकलेलीच होती, बोटं झपाझप चालत होती, लालबुंद फळं बरोबर हेरत होती.

"सिस्टर? काम मिळालं का काही?"

"हर्षला, मला त्या दिवशी सगळं आठवत होतं. मी खोटं बोलले."

मग तिनं सांगितलं. नियम सांगितला, कार्डं सांगितली, दुमड सांगितली. सोनालीचं नाव तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं. ते सांगितलं असतं तर पोरीला रागावताही आलं नसतं.

हर्षला टोपली हातात धरून उभी होती. 

"म्हणजे ते मला दिसतच नव्हतं?"

"नव्हतं."

"आणि तुम्हाला माहीत होतं, मला दिसत नाही ते."

"तुझ्या वेळी नाही. पण त्याच दिवशी कळलं. नंतर सांगता आलं असतं. रोज सांगता आलं असतं."

"म्हणजे मी ढ नव्हते."

"नव्हतीस गं. कधीच नव्हतीस."

हर्षला बांधावर बसली. अनुपमाला वाटलं, आता रडेल. ती रडली नाही. ती भराभर काहीतरी आठवत होती, आणि एकेक आठवण बोटांवर मोजावी तशी बोलत होती. "चौथीत बाईंनी मला नकाशा रंगवायला दिला, मी समुद्र हिरवा केला. सगळा वर्ग हसला. मावशीच्या लग्नात मला म्हणाले, निळी साडी आण. मी तीनदा आत गेले, तीनदा चुकीची आणली. तेव्हापासून आमच्या घरात मला कुणी काही आणायला सांगत नाही. मी काचेवर काड्या मोजून पास झाले, सिस्टर. तीन वर्षं. रोज रात्री वाटायचं, उद्या पकडली जाईन. आणि ती बाळंतीण..." तिनं टोपली बाजूला सारली. "ती मेली असती तर?"

अनुपमानं तिच्या खांद्याकडे हात नेला. हर्षलानं तो झटकला नाही. नुसती सरकली, बाजूला, हाताला लागणार नाही एवढी.

"तुम्ही जा आता," ती म्हणाली.

पुढचे तीन महिने अनुपमानं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. तिनं लेखी दिलं. चौकशी झाली. तिला कामावरून काढलं, आणि त्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती. वर्तमानपत्रांत तिचा फोटो आला. गावातल्या काही बायकांनी तिच्याशी बोलणं टाकलं, तर काही मुद्दाम बोलायला आल्या. "आमची पोरं जगली ना तुमच्यामुळं," असं त्या म्हणायच्या, आणि तेच तिला जास्त लागायचं. प्रमोद तिच्या बाजूनं उभा राहिला, पण जेवताना आता तो फारसा बोलत नसे.

औषध सात आठवडे बंद होतं. सहाव्या आठवड्यात पलीकडच्या खोऱ्यातली एक मुलगी आतडं अडून दगावली. अनुपमाला ते कळलं तेव्हा ती चुलीपुढे बसून राहिली, भाकरी तव्यावर जळून कोळसा झाली तरी. तेव्हा खोटं बोलली म्हणून एक पाप, आता खरं बोलली म्हणून दुसरं. पण ही दोन पापं सारखी नाहीत, हे तिला त्या धुरातही कळत होतं. या मुलीच्या आईबापांना कारण माहीत होतं. निर्णय ज्यांनी घ्यायचा त्यांनीच घेतला होता.

आठव्या आठवड्यात औषध पुन्हा सुरू झालं. आता आधी बोटाला टोचून रक्ताचा थेंब घेत, आणि ज्यांचं विकर आळशी निघे त्यांना वेगळी, महागडी गोळी. गेलेले रंग परत आणायला मात्र कुणाकडे काही नव्हतं.

चैत्रातल्या एका सकाळी हर्षला तिच्या दारात येऊन उभी राहिली. अनुपमा अंगण सारवत होती. शेणानं भरलेले हात तसेच धरून ती उठली. शेतातल्या त्या दिवसानंतर दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

"बाकीचे चार कोण?" हर्षलानं विचारलं.

"काय?"

"तुम्ही पाच म्हणालात. मी एक. बाकीचे चार कोण?"

"नावं मी चौकशीत दिली आहेत. त्यांना सरकारी पत्र जाणार आहे."

"मला आलं ते पत्र," हर्षला म्हणाली. "छापील आहे. त्यात लिहिलंय, 'आपणांस वर्णदृष्टीविषयक अंशतः न्यूनता संभवते.' मला काय ते आधीच माहीत होतं म्हणून कळलं. त्यांना कळणार आहे का ते? त्यांना वाटेल, अजून एक कागद आला, आपल्याला काही समजत नाही." ती थांबली. "हात धुवा. चला."

"कुठं?"

"त्यांच्या घरी. तुम्ही सांगायचं. मला सांगितलंत तसं, तोंडावर."

"तू येणार बरोबर?"

"मी वाट दाखवायला येते. बोलणार नाही काही."

पहिलं घर खोकरपाड्याला, दीपक महालेचं. पाऊण तासाची चढण. वाटेत दोघी बोलल्या नाहीत. एका ओहळापाशी दगड निसरडे होते तिथं हर्षलानं मागे वळून पाहिलं, अनुपमा नीट उतरते का ते, आणि पुन्हा चालू लागली.

दीपकची आई अंगणात नागली पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि तिचा चेहरा उजळला. तिच्या तिन्ही बाळंतपणांना अनुपमाच होती. पेपरातलं तिच्यापर्यंत आलं नसावं, किंवा आलं असेल तर तिनं ते मनावर घेतलं नव्हतं.

"या सिस्टर, या! किती महिन्यांनी! बसा ना. दीपक, अरे खाट टाक. चहा ठेवते."

दीपक आतून आला. तेविसेक वर्षांचा, उंच, खांदे किंचित पडलेले. त्यानं खाट टाकली आणि बाजूला उभा राहिला, घरात आपल्याला फार विचारत नाहीत याची सवय झालेल्या माणसासारखा.

"चहा नको," अनुपमा म्हणाली. "आधी माझं ऐका. दोघांनीही."

तिनं उभ्याउभ्याच सांगितलं. सरकारी शब्द एकही वापरला नाही. मी याला फसवलं, असं म्हणाली. याला दिसत नव्हतं आणि मी याला दिसतंय असं लिहिलं. हर्षला कुडाच्या भिंतीला पाठ लावून उभी होती, शब्द दिल्याप्रमाणे गप्प.

सांगून झालं.  आधी बोलली ती दीपकची आई, आणि तीही अनुपमाशी नाही. ती स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहत होती.

"मी मारलंय याला," ती म्हणाली. "निळी घागर आण म्हटलं की हा हिरवी आणायचा. मला वाटायचं, मस्ती करतो. शेजारीणबाईपुढं मारलंय मी याला. कितीदा मारलंय."

अनुपमानं आयुष्यात पुष्कळ रडणी ऐकली होती, पण हे तिला ऐकवेना. तिच्या खोट्याचा एक तुकडा या घरात चौदा वर्षं जेवत होता, आणि तो या माउलीच्या हातून पोराच्या पाठीवर पडत होता, हे तिला आज कळत होतं. अजून तीन घरं होती. आणि त्यापलीकडे तीन लाख घरं, जिथं ती कधी पोचणार नव्हती.

दीपक आईजवळ गेला. त्यानं सूप उचलून बाजूला ठेवलं, आईला धरून ओट्यावर बसवलं. मग तो अनुपमाकडे वळला. त्याच्या नजरेत राग होता, पण खांदे मघासारखे पडलेले नव्हते.

"सिस्टर, तुम्ही बसा," तो म्हणाला. "आणि पुन्हा सांगा. पहिल्यापासून. तुम्ही असं का केलंत, तेपण सांगा. काही गाळू नका."

अनुपमानं हर्षलाकडे पाहिलं. हर्षला कुडापासून पुढे आली आणि खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसली, ऐकायला.

"सोनाली बागुल नावाची एक मुलगी होती," अनुपमानं सुरुवात केली. "सहा वर्षांची."